पुलावर कुठं उभं राहायचं

मी मिरजेत एक्स-रे टेक्निशियन आहे. दिवसभर "श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा" म्हणायचं हे माझं काम, मराठीत म्हणायचं आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये पण, कारण आमच्याकडं अथणी चिकोडी जमखंडीकडून कितीतरी पेशंट येतात. हे आधीच सांगून टाकते कारण पुढं सगळं चित्रांबद्दल आहे आणि मी काय आर्ट स्कूलची नाही. शाळेत एलिमेंटरी इंटरमिजिएट दिलेली, मग रेडिओग्राफीचा डिप्लोमा, नोकरी, लग्न, पोरगं, आणि चित्र काढायची खोड तेवढी राहिली. फिल्मच्या रिकाम्या पाकिटांच्या मागं पेनानं माणसं काढत बसायचे, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. मागची दोन-तीन वर्षं मी मिरज स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीचं एक मोठं चित्र करत होते आणि ते करताना एक चित्रकार माझ्या मानगुटीवर बसलेला होता, ते सगळं कसं झालं ते लिहिते.

आमच्याकडं रिपोर्टिंगला येणाऱ्या डॉक्टरांनी एकदा ती पाकिटं बघितली. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर ते म्हणाले, तुम्हाला सुधीर पटवर्धन माहितीयत का, आपल्याच लाइनमधले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, आणि लहानपण सांगलीत गेलंय त्यांचं. आता सांगली-मिरजेत पटवर्धन म्हटल्यावर माणसाला आधी संस्थानिकच आठवणार, गणपती मंदिर, राजवाडा वगैरे, मला पण तेच आठवलं. घरी येऊन मोबाइलवर शोधलं आणि पहिलंच जे चित्र समोर आलं ते म्हणजे १९८० चं 'ट्रेन', लोकलच्या डब्यातली माणसं. भात कुकरमध्ये लावायचा राहून गेला इतकंच सांगते.

थोडक्यात त्यांचं सांगायचं तर जन्म १९४९, पुण्यात, वाढले सांगलीत, मग पुण्याच्या एएफएमसीमधून, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजमधून, १९७२ ला डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला गेले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, ठाण्यात रेडिओलॉजीची प्रॅक्टिस केली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. सेझान आणि लेजे या फ्रेंच चित्रकारांचा अभ्यास, आणि त्या काळातल्या बऱ्याच तरुणांसारखा डाव्या विचारांचा प्रभाव, त्यामुळं सुरुवातीपासून विषय एकच, कामकरी माणूस. पहिलं एकल प्रदर्शन १९७९ मध्ये दिल्लीत, नाटकवाले इब्राहिम अल्काझी, त्यांच्या आर्ट हेरिटेज गॅलरीत. मग १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं, त्यात भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि हे, असे सहा जण. तेव्हा अमूर्त चित्रांचा जोर होता आणि हे सगळे म्हणत होते की नाही, चित्रात माणूस पाहिजे, आजूबाजूचा, नावगाव असलेला. भारतातल्या चित्रकलेच्या गोष्टीत हे प्रदर्शन महत्त्वाचं मानतात आणि मला वाटतं ते बरोबरच आहे, पण मला त्या इतिहासापेक्षा जास्त पकडलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हा माणूस दिवसा लोकांच्या अंगाच्या आतलं बघायचा आणि बाकीच्या वेळात बाहेरचं काढायचा. तीस वर्षं!

प्रत्यक्ष चित्रं बघायला मिळाली ती मुंबईत, एनजीएमएमध्ये, म्हणजे सरकारच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, त्यांचं मोठं प्रदर्शन लागलेलं तेव्हा, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी', नॅन्सी अडजानियांनी क्युरेट केलेलं, नोव्हेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२०. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर येऊन गेलेला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे बघा. माझं माहेर गावभागात, भावाचं घर महिनोन्महिने वाळत नव्हतं, भिंतींना कुबट वास, आणि असल्या वेळी वहिनीला कुठल्या तोंडानं सांगायचं की मी चित्रं बघायला मुंबईला चाललेय. सांगितलं मात्र. ती म्हणाली जा की, इथं राहून तू काय भिंती फुंकून वाळवणार आहेस?

महालक्ष्मीनं रात्री बसायचं आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. एनजीएमएची इमारत म्हणजे पूर्वीचा कावसजी जहांगीर हॉल, आत गोल जिने आणि एकावर एक मजले, वर घुमट. तुम्ही चित्रं बघत बघत वर चढत जाता. पायाचे तुकडे पडले पण दुपारपर्यंत मी खाली आलेच नाही.

आता तिथं काय दिसलं ते नीट सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. १९७० च्या दशकातली चित्रं बघितली की माणूस एकदम अंगावर येतो. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, 'इराणी रेस्टॉरंट', १९७७ चं. त्याच वर्षीची पळणारी बाई, 'रनिंग वुमन'. ही माणसं जड आहेत. म्हणजे जाडी नव्हेत, जड. ती बाई पळतेय पण हरणासारखी नाही, सगळं अंग घेऊन पळतेय, आपल्या आया-मावश्या एसटी पकडायला पळतात तशी. मी रोज माणसांच्या अंगाला हात लावून त्यांना कॅसेटसमोर, म्हणजे फिल्मच्या पेटीसमोर, उभी करते त्यामुळं मला हे लगेच कळलं. छातीचा एक्स-रे काढताना आम्ही पेशंटला सांगतो हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं ढकला, आणि माणूस एकदम परका होतो, पुतळा. मग आतून बटण दाबलं, झालं म्हटलं, की खांदे धपकन खाली येतात. तो जो एक क्षण असतो खांदे पडायचा, त्यात तो माणूस मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो का बँकेत बसतो ते दिसतं. मी पाकिटांवर तेवढंच काढायचे, पडलेले खांदे. पटवर्धनांच्या माणसांचे खांदे पडलेले आहेत. एवढ्यासाठी मुंबईला आले असते तरी पैसे वसूल होते.

पण वरच्या मजल्यांवर गेले तशी एक गोष्ट खटकायला लागली, खटकायला म्हणजे चांगल्या अर्थानं. माणसं लहान होत चाललेली. 'ट्रेन'मध्ये आपण डब्यातच आहोत, 'ओव्हरब्रिज' १९८१ चं, त्यात रेल्वेच्या पुलावरची माणसं, मग १९८४ चं 'टाउन', मग पोखरण, ते अणुस्फोटवालं नव्हे, ठाण्यातला पोखरण रोड, ते १९८९ चं, आणि तिथून २००१ ची 'लोअर परळ' आणि 'उल्हासनगर'. तिथं पोचेपर्यंत शहरच माणसासारखं अंग पसरून बसलेलं आहे आणि माणसं त्याच्यात कुठंतरी. आणि नंतरच्या चित्रांत परत खोल्या येतात, घर, म्हातारपण, संशय, नवरा-बायको, चित्रकाराचा स्टुडिओ. २०१४ चं 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' सात पॅनलचं आहे, त्यात शहराचा कष्टाचा आणि पैशाचा सगळा इतिहास अंगावर येतो. काही लोक म्हणतात ते आधी माणसांचे चित्रकार होते मग शहराचे झाले. मला नाही पटत. मला वाटतं प्रश्न पहिल्यापासून एकच होता, मी कुठं उभा राहून बघतोय. डॉक्टर माणूस, मध्यमवर्गीय, कामगाराचं चित्र काढतोय, तो त्याच्या शेजारी उभा आहे, का समोर, का गॅलरीतून खाली बघतोय? ती जागा ते सारखी बदलत राहिले, आणि जागा बदलली की माणूस पण बदलतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, कामगार गेला, टॉवर आले, मग त्याच जागी उभं राहून तेच चित्र काढणं म्हणजे खोटंच झालं असतं ना.

हे सगळं डोक्यात घेऊन परत मिरजेत आले आणि ठरवलं आपला पूल काढायचा. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि पूलच बंद पडला, गाड्याच नाहीत तर पूल कसला. आम्ही मात्र कामावर, छातीचे एक्स-रे एवढे कधी काढले नव्हते आणि परत काढायला लागू नयेत. त्या दिवसांचं मी काहीही काढलेलं नाही, काढायचं पण नाही.

सुरुवात झाली ती गाड्या परत सुरू झाल्यावर. मिरजेचा पूल ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय की तो नुसता पूल नाही. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून, पंढरपूरकडून सगळ्या गाड्या इथं येणार, आषाढीला वारकरी, रोज दवाखान्याला येणारे, सतार-तंबोरा दुरुस्तीला घेऊन येणारे कलाकार, आणि मला सगळ्यात जवळची म्हणजे हातात एक्स-रेचं मोठं पाकीट धरलेली माणसं. ते पाकीट कसं धरायचं हे कुणालाच कळत नाही. काखेत बसत नाही, पिशवीत मावत नाही, घडी घालायची नाही असं आम्हीच दटावलेलं असतं. मग कोणी छातीशी धरतं, कोणी डोक्यावर ऊन लागू नये म्हणून धरतं, एका आजोबांनी त्याच्यावर बसून घेतलेलं पण बघितलंय मी. एमआरआय आणि सीडी कितीही आल्या तरी पाकीट आहेच.

ड्युटी संपली की मी अर्धापाऊण तास पुलावर. छोटी वही, चारकोल नाही कारण हात काळे करून घरी गेलं की सासूबाईंचा चेहरा बघवत नाही, ४बी पेन्सिल. बाई माणूस पुलावर नुसतं उभं राहिलं की लोक बघतात, वही घेऊन उभं राहिलं की जास्तच बघतात. सुरुवातीला मी कठड्याकडं तोंड करून रूळ काढतेय असं दाखवायचे आणि मधेच वळून माणूस टिपायचे, चोरासारखं. एकदा रेल्वेचा पोलीस आला, काय काढालाय मॅडम, मी वही पुढं केली, त्यानं सगळी पानं उलटून बघितली आणि म्हणाला ह्यात मी न्हाई व्हय कुठं. दुसऱ्या दिवशीपासून तो पुलावर मुद्दाम हळू चालायला लागला, पोट आत घेऊन. तसलं पोलीस चित्र काय कामाचं, पण मला तिथं उभं राहायची परवानगी मिळाल्यासारखी झाली.

वह्या भरल्या. आता त्यातून चित्र. आणि इथं खरं अवघड आलं.

मी प्रत्येक माणूस पुलावर उभं राहून काढलेला, माझ्या उंचीवरून. ती सगळी माणसं एका कागदावर मांडली की काय होतं, सगळ्यांचे डोळे एका रेषेत येतात. हे शास्त्रच आहे, आपण ज्या जमिनीवर उभे आहोत त्याच जमिनीवर आपल्याएवढी माणसं असतील तर ती जवळची असोत का लांबची, डोकी क्षितिजाच्या रेषेवरच येणार, लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. फोटोत पण असंच होतं. त्यामुळं गर्दी न दिसता वाळत घातलेल्या कपड्यांसारखी डोक्यांची ओळ दिसायला लागली. मग वाटलं जिन्याच्या वरच्या टोकावर जाऊन खाली बघत काढू. तिथून गर्दी छान पसरते, डोकी खाली खाली जातात, प्लॅटफॉर्म दिसतो, सगळं आवाक्यात येतं. पण तिथून कुणाचे खांदे दिसत नाहीत. टाळू दिसतो, टोप्या दिसतात, डोक्यावरची बोचकी दिसतात, आणि आपण उगाच मोठे झाल्यासारखं वाटतं. कलेक्टरसारखं.

त्या दिवसांत मी 'लोअर परळ'चा मोबाइलमधला फोटो झूम करकरून बघायचे, डोळे गेले त्याच्यात. हळूहळू लक्षात आलं की हे एका जागेवरून बघितलेलं नाहीच. शहराचा एक भाग वरून, एक भाग समोरून, डोळा फिरवला की आपली उभं राहायची जागा न सांगता बदलते, आणि तरी चित्र फाटत नाही. आमच्याकडं हाडाच्या एक्स-रेचा पहिला नियम आहे, एका व्ह्यूवर विश्वास ठेवायचा नाही, कमीत कमी दोन, समोरून आणि बाजूनं, एकमेकींना काटकोनात. समोरून हाड अगदी सरळ दिसतं आणि बाजूनं घेतलं की सरकलेलं असतं. एक व्ह्यू खोटा नसतो, पण तो अख्खं सांगत नाही. हे मी रोज करते आणि कागदावर मात्र एकाच व्ह्यूला चिकटून बसलेले. पटवर्धनांना हे रेडिओलॉजीमधून सुचलं असेल असं माझं म्हणणं नाही, दोन-तीन जागांवरून बघणं आपल्या मिनिएचर चित्रांत पण आहे, सेझानमध्ये तर आहेच. पण मला ते त्या दारानं कळलं.

मग मी काय केलं, हे सांगायला मला मजा येते. जुन्या फिल्म. आता सगळं डिजिटल झालं पण जुन्या खराब फिल्मचे गठ्ठे पडलेले असतात, चांदीसाठी भंगारवाले किलोवर घेऊन जातात. त्यातल्या थोड्या मी परवानगी काढून घरी आणल्या, पेशंटचं नाव-नंबर सगळं निघून जाईपर्यंत ब्लीचच्या पाण्यात भिजवून घासल्या, सगळा काळा थर निघून जातो आणि खाली निळसर पारदर्शक शीट राहते, मस्त कडक. (हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा, बाथरूमला दोन दिवस वास राहतो, आणि उरलेलं पाणी झाडांना घालू नका.) त्या शीटवर मार्करनं एकेक माणूस वहीतून उतरवला. एक शीट एक माणूस, किंवा एक जोडी. मग हॉलच्या भिंतीवर कार्ट्रिज पेपरचा रोल लावला आणि त्याच्यावर ही निळी माणसं सरकवत बसायचं, इकडून तिकडं, एकावर एक. पोरगं पण यायचं खेळायला. पाकीटवाली बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली की ती वर येताना दिसते, खालून बघितल्यासारखी, चेहरा मोठा. तीच वर ठेवली की निघून चाललेली वाटते. माणूस तोच, रेष तीच, जागा बदलली की गोष्टच बदलते.

शेवटी जे जमलं ते असं की डावीकडचा जिना खालून बघितलाय, तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे आहात आणि लोक तुमच्या अंगावर उतरतायत. मधला पूल समोरून, खांद्याला खांदा. आणि उजवीकडं खाली प्लॅटफॉर्म आणि बाहेरचा रिक्षा स्टँड वरून. हे तिन्ही जिथं एकमेकांत शिरतात तिथं गोची होते, कठडा मोडल्यासारखा दिसतो. चित्राच्या त्या सांध्यावर मी एक मोठं बोचकं घेतलेला वारकरी ठेवून दिला, त्याच्या बोचक्यामागं कठडा दडपला. पटवर्धनांची चित्रं परत बघितली तर तिथं पण अशा जागांवर काहीतरी मोठं उभं असल्यासारखं मला वाटायला लागलं, माणूस, खांब, भिंत. आता खरंच तसं आहे का मी स्वतःच्या सोयीनं बघतेय, काय की.

चौकटी पाडून मोठं केलं, पाच फूट बाय साडेतीन. रंग अ‍ॅक्रिलिक, कारण ऑइलचा वास घरात चालणार नाही आणि ते वाळेपर्यंत पोरगं त्याला टेकणार हे नक्की. कॅनव्हास ताणून घेतला सांगलीत, तिथल्या मिस्त्रींनी विचारलं देवाचं आहे का, मी म्हटलं नाही, स्टेशनचं, तर ते म्हणाले मग एवढं मोठं कशाला. हा प्रश्न मला चांगला वाटला, खरं सांगते. आपल्याकडं मोठं चित्र म्हणजे देव, राजा, नाहीतर निसर्ग. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या म्युझियममध्ये जा, तिथल्या राजांनी, भवानरावांनी, केवढं जमवून ठेवलंय, रविवर्म्याच्या बायका आहेत, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प आहे, ते सगळं भारी आहेच. पण पाकीट धरलेली जमखंडीची बाई पाच फुटांच्या कॅनव्हासवर यायला कुणीतरी आधी इराण्याच्या हॉटेलातला माणूस तेवढ्या ऐटीत बसवलेला असावा लागतो.

रंगांचं लवकर सांगते कारण तिथं मी अजून चाचपडतच असते. जिना मातकट, पूल राखाडी, आणि एक्स-रेच्या पाकिटांचा तो पिवळट खाकी रंग तेवढा सगळीकडं ठिपक्यासारखा. निळ्या शीटवर इतके दिवस माणसं बघितल्यामुळं सावल्या सगळ्या निळ्या आल्या, त्या ठेवल्या तशाच.

एक गोष्ट बाकी सगळ्यांहून जास्त छळत राहिली. महापुरात मी सांगलीच्या एका शाळेतल्या कॅम्पवर गेलेले, भाकरी द्यायला, पर्समध्ये वही होती आणि ती बाहेर काढली नाही. मग पटवर्धनांचं १९९६ चं 'रायट' बघितलं, त्याआधीचं १९८१ चं 'अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे', तेव्हा वाटलं की अशा वेळी चित्रकार कुठं उभा राहतो? तिथंच असेल तर मदत का करत नाही, तिथं नसेल तर काढतो कशावरून? त्यांनी 'रायट' मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर काही वर्षांनी केलं. मला वाटतं ती मधली वर्षं हीच उभं राहायची जागा असावी. कॅम्पवरची एक बाई आता पुलाच्या चित्रात आली आहे, ओल्या गादीची वळकटी घेऊन. पूर गेल्यावर पाच वर्षांनी. वहिनीनं बघितल्याबरोबर ओळखलं, म्हणजे त्या बाईला नव्हे, गादीला.

घरच्यांचं म्हणाल तर मिस्टर म्हणतात ह्यात एक पण माणूस हसत नाही. सासूबाईंना आवडलं पण त्यांचं म्हणणं की स्टेशन एवढं घाण दाखवू नये. रिपोर्टिंगच्या डॉक्टरांनी खूप वेळ बघितलं आणि वारकऱ्याच्या गुडघ्यात ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे झीज, आहे म्हणाले. ही मला मिळालेली सगळ्यात मोठी दाद.

पटवर्धनांच्या बाबतीत आणखी एक सांगायचं राहिलं. २००८ च्या सुमारास त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन करून ते महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांमधून नेलेलं, का तर मुंबई-दिल्लीच्या बाहेर लोकांना ही चित्रं दिसतच नाहीत. तेव्हा माझं पोरगं तान्हं, मला पत्ताच नव्हता. पण ते वाचल्यावर वाटलं की ज्यांचं चित्र आहे त्यांना ते दाखवायचं तरी. कॅनव्हास काय पुलावर नेता येत नाही, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून नेला, मोठा प्रिंटपण काढला एक.

पोलिसाची बदली झाली होती. रिक्षावाल्यांनी आपापल्या रिक्षा शोधल्या आणि नंबर लिहिले नाहीत म्हणून नाराज झाले. जिन्याच्या खाली शेंगा विकणाऱ्या मावशी बसतात, त्या उजव्या कोपऱ्यात आहेत, वरून बघितलेल्या, त्यांना प्रिंट दाखवला तर आधी त्यांना स्वतःचा पत्ताच लागेना. मी बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही व्हय मी? माजं तोंडच न्हाई की दिसत. पाटी तेवढी वळकली." मग प्रिंट जवळ घेऊन, लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "आणि फुलवाली कुटं हाय? ती रोज माज्या शेजारी बसती, तिला घालवलीस व्हय? आता ती मला बोलंल, पैसं देऊन एकटीचाच फोटू काढून घेतला म्हणून."

मी म्हटलं जागा नव्हती मावशी.

"सरकीव की त्या पाकीटवाल्याला जरा," त्या म्हणाल्या, "त्यो काय, गाडी आली की जाणारच हाय."

फुलवाली बसवायची म्हणजे उजवा कोपरा अख्खा परत रंगवावा लागणार, आणि मावशींचा चेहरा दाखवायचा तर ती जागा वरून बघून चालणार नाही, खाली जाऊन पाटीसमोर बसूनच काढायला लागेल. मग तो रिक्षा स्टँड वरून आणि ह्या दोघी समोरून, सांध्याला परत काहीतरी ठेवावं लागणार. निळ्या शीट अजून शिल्लक आहेत. मंगळवारी माझी सकाळची ड्युटी आहे, फुलवाली तीननंतर येते म्हणे.